टर्ननंतरची पाण्याखालची डॉल्फिन किक: भिंतीने दिलेला वेग कसा टिकवायचा

जिल्हा स्पर्धेत शंभर मीटर बॅकस्ट्रोक किंवा बटरफ्लाय चालू असताना टर्नच्या बाजूला उभं राहून नुसतं पाण्यात बघा. मुलं जीव तोडून भिंतीपर्यंत येतात, टर्न मारतात, जोरात सुटतात आणि झेंड्यांची दोरी यायच्या आत डोकं वर काढतात. ती दोरी भिंतीपासून पाच मीटरवर असते. पाण्याखाली पंधरा मीटरपर्यंत जायची मुभा असताना उरलेल्या दहा मीटरचा विचारही झालेला नसतो. दम संपला म्हणून कुणी वर आलं तर समजू शकतं. पण बहुतेकांना पाण्याखाली काय करायचं हे कुणी टप्प्याटप्प्याने शिकवलेलंच नसतं. हात कसा पडतो, कोपर किती वर राहतं यावर महिनोन्‌महिने मेहनत होते आणि टर्ननंतरचे चार-पाच सेकंद आपोआप सुधारतील असं धरून चाललं जातं. ते तसे सुधारत नाहीत.

हा लेख ज्यांना फ्लिप टर्न (भिंतीजवळ कोलांटी मारून वळणं) येतो, डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारलेली लाटेसारखी किक) निदान पृष्ठभागावर जमते आणि जे स्पर्धेत उतरतात त्यांच्यासाठी आहे. कोच आणि रोज तलावावर येणारे पालक यांनाही तो उपयोगी पडेल, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी काठावरूनच नीट दिसतात.

वेग भिंतीतून येतो

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये चीनच्या पान झानलने १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.४० सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला. सरासरी काढली तर सेकंदाला साधारण २.१५ मीटर, आणि त्यात सुरुवातीची उडीही धरलेली आहे. याउलट चांगला जलतरणपटू भिंतीवरून सुटतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला अडीच ते तीन मीटरच्या आसपास असतो. म्हणजे हात मारून जो वेग जगात कुणालाच गाठता येत नाही, तो प्रत्येक टर्नला क्षणभर तुमच्या अंगात असतो.

हा वेग झपाट्याने उतरतो, कारण पाणी सोडत नाही. डॉल्फिन किकने नवा वेग मिळवायचा आहे असं समजून मुलं पायांनी धडपड करतात. खरं काम वेगळं आहे. उतरणारा वेग सावकाश उतरावा, म्हणजे तो तुमच्या पोहण्याच्या वेगाच्या वरच जास्तीत जास्त काळ राहावा, यासाठी किक मारायची. ज्या क्षणी पाण्याखालचा वेग पोहण्याच्या वेगाइतका होतो, त्या क्षणी तुम्ही वर असायला हवं. त्याआधी वर आलात तर फुकटचा वेग सोडलात, त्यानंतर आलात तर दम आणि वेळ दोन्ही घालवले. पुढचं सगळं या एका हिशेबावर उभं आहे.

पाण्याखाली राहण्याचा दुसरा फायदा लाटांचा. पृष्ठभागावर पोहताना शरीर लाटा उठवतं आणि त्या उठवण्यात ताकद खर्च होते. अर्धा मीटर किंवा त्याहून थोडं खाली गेलं की हा विरोध बराच कमी होतो. शिवाय टर्नच्या वेळी तुमच्याच मागून आलेली लाट भिंतीवर आपटून परत येत असते. खालून गेलं की ती डोक्यावरून निघून जाते.

हे सगळं एका शर्यतीत बघायचं असेल तर ३१ जुलै २०२४ ची पॅरिसमधली २०० मीटर बटरफ्लायची अंतिम फेरी बघा. दीडशे मीटरच्या टर्नला हंगेरीचा क्रिश्तोफ मिलाक पुढे होता. फ्रान्सचा लेओं मार्शां शेवटच्या भिंतीवरून सुटला, पाण्याखाली लांबवर गेला आणि वर आला तेव्हा शर्यत उघडी पडली होती. मार्शां १:५१.२१, मिलाक १:५१.७५. त्याच संध्याकाळी मार्शांने २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्णही जिंकलं. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की ती शेवटची भिंत होती. पाय जड झालेले, छाती फुटायला आलेली, अशा वेळी आपल्याकडची मुलं दोन किकमध्ये वर येतात.

नियम थोडक्यात

फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये स्टार्ट आणि प्रत्येक टर्ननंतर पंधरा मीटरच्या खुणेपर्यंत डोकं पाण्याबाहेर आलेलं असलं पाहिजे. हा नियम आला कसा तेही माहीत असावं. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ बॅकस्ट्रोकमध्ये सुमारे ३५ मीटर पाण्याखाली जात असे. प्राथमिक फेरीत त्याने ५४.५१ चा विश्वविक्रम केला. अंतिम फेरीत जपानच्या दाइची सुझुकीने, जो स्वतः पाण्याखाली लांब जायचा, ५५.०५ ने त्याला मागे टाकलं. त्यानंतर आधी दहा आणि मग पंधरा मीटरची मर्यादा आली. बटरफ्लायला ती १९९८ मध्ये लागू झाली.

ब्रेस्टस्ट्रोकचं वेगळं आहे. तिथे टर्ननंतर पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकच्या आधी एकच डॉल्फिन किक चालते. आणखी एक बारकावा, ज्याने मेडलीत (चारही प्रकार एकाच शर्यतीत) मुलं बाद होतात: मेडलीच्या फ्रीस्टाइल भागात टर्न मारून पाठीवर सुटलात तर छातीवर वळल्याशिवाय एकही किक मारायची नाही. नुसत्या फ्रीस्टाइलच्या शर्यतीत हे बंधन नाही, त्यामुळे सवय तीच राहते आणि ४०० मेडलीत महागात पडते.

पायरी १: आधी मोजा

सुधारणा सुरू करण्याआधी आज तुम्ही कुठे आहात ते वहीत लिहा. लेनच्या दोऱ्या नियमाप्रमाणे असतील तर पंधरा मीटरवर वेगळ्या रंगाची खूण असते. महापालिकेच्या बऱ्याच तलावांत ती नसते. तिथे टेपने मोजून काठावर पाच, दहा आणि पंधरा मीटरला रंगीत चिकटपट्टी लावा. पाच मिनिटांचं काम आहे, वर्षभर पुरतं.

पहिली चाचणी: भिंतीवरून सुटा, स्ट्रीमलाइन (हात डोक्यापुढे जोडून सरळ ताणलेलं शरीर) धरा, एकही किक मारू नका आणि शरीर थांबेपर्यंत सरका. डोकं कुठे थांबलं ते लिहा. यातून पुश-ऑफ (पायांनी भिंत ढकलून सुटणं) आणि स्ट्रीमलाइनचा दर्जा कळतो. दुसरी चाचणी: पाय भिंतीवरून सुटल्यापासून डोकं पंधरा मीटरला पोहोचेपर्यंतचा वेळ, पूर्ण डॉल्फिन किकसह, न पोहता. तिसरी चाचणी शर्यतीच्या जवळची आहे. वेगात भिंतीकडे या, टर्न मारा आणि पंधरा मीटरपर्यंत पोहत जा. डोकं भिंतीच्या पाच मीटर अलीकडे असताना घड्याळ सुरू, डोकं पंधरा मीटरला गेलं की बंद. यात टर्न, किक आणि वर येणं हे तिन्ही सापडतं.

मोबाइल जलरोधक पिशवीत घालून बाजूने स्लो मोशनमध्ये चित्रण करा. समोरून घेतलेल्या चित्रणातून फार काही कळत नाही.

पायरी २: पाय भिंतीवर कुठे लागतात

किक सुधारायला बसलेले बहुतेक जण ही पायरी ओलांडून जातात आणि मग कितीही किक मारली तरी फरक पडत नाही. टर्नमध्ये पाय भिंतीला लागताना पृष्ठभागापासून साधारण हात-सव्वा हात खाली लागले पाहिजेत. वर लागले तर शरीर खाली ढकललं जातं आणि तुम्ही खोल जाता. फार खाली लागले तर सुटताच वर येता, लाटांमध्ये अडकता आणि तिसऱ्या किकला पाठ बाहेर दिसू लागते.

गुडघे साधारण काटकोनात किंवा थोडे जास्त उघडे असावेत. भिंतीच्या फार जवळ येऊन टर्न मारला की गुडघे छातीला टेकतात आणि ढकलायला वेळ लागतो. फार लांबून मारला की फक्त चवडे टेकतात आणि जोरच लागत नाही. फ्रीस्टाइलमध्ये भिंतीवर पूर्ण वळायची घाई करू नका. पाठीवर किंवा किंचित कुशीवर असतानाच ढकला आणि सरकताना छातीवर वळा.

सुटण्याची दिशा आडवी, किंचित खालच्या बाजूला. काठावरून तपासायची सोपी खूण आहे: पोहणारा सुटल्यावर त्याच्या वरचं पाणी फुगलेलं, घुमटासारखं पुढे सरकताना दिसलं तर तो फार वरून चालला आहे. पाणी सपाट राहिलं तर खोली बरोबर आहे. मात्र टर्नच्या बाजूला पाणी उथळ असेल, म्हणजे छातीच्याही खाली, तर खोल सुटण्याचा सराव तिथे करू नका. खोल बाजूच्या भिंतीवर करा.

पायरी ३: स्ट्रीमलाइन

तळहातावर तळहात, वरच्या हाताचा अंगठा खालच्या हाताला आवळून. दंड कानांच्या मागे, कोपरं ताठ, हनुवटी किंचित आत, नजर खाली. बरगड्या बाहेर येऊ देऊ नका. पोट आत ओढलं की पाठीची कमान सपाट होते. हात जोडलेले राहावेत, किक मारताना ते वरखाली हलू नयेत. हातांची टोकं वरखाली जात असतील तर पुढून पाणी अडवलं जातं आणि पायांनी कमावलेलं तिथेच जातं.

वर्गात अशा मुलांना मी एकच सांगतो: "अरे, हात स्थिर ठेव, लाट छातीपासून सुरू होऊ दे."

स्ट्रीमलाइन पाय भिंतीवर असतानाच तयार हवी. आधी सुटायचं आणि मग हात जोडायचे ही सवय सर्वांत वेगवान अर्ध्या सेकंदात ब्रेक लावते. सरावासाठी भिंतीला पाय लावून, हात जोडून, एक क्षण थांबून सुटा. रोज वॉर्मअपनंतर आठ-दहा वेळा, प्रत्येक वेळी किकशिवाय सरकत. पहिल्या चाचणीतलं अंतर यानेच वाढतं.

पायरी ४: पहिली किक कधी

सुटल्यासुटल्या किक मारली तर गुडघे वाकतात, मांड्या पाण्यात आडव्या येतात आणि वेग लवकर उतरतो. फार थांबलात तर वेग हातातून गेलेला असतो. प्रौढ स्पर्धकांवर झालेल्या अभ्यासांत सेकंदाला साधारण १.९ ते २.२ मीटर वेग असताना किक सुरू करणं योग्य ठरलं आहे. प्रत्यक्षात ते भिंत सोडल्यावर अगदी थोड्या सरकण्यानंतर येतं. लहान मुलांचा पुश-ऑफ कमी असतो, म्हणून त्यांचा थांबाही छोटा.

मोजून शोधा. पाय सुटल्यावर मनात "एक" म्हणून किक सुरू करा, मग "एक-दोन" म्हणून, मग अजिबात न थांबता. तिन्हींचे पंधरा मीटरचे वेळ घ्या. बहुतेकांना "एक" हाच जमतो, पण तुमचा पुश-ऑफ जोरदार असेल तर दोनही जमू शकतो.

पहिली किक छोटी आणि वेगात असू द्या. दुसऱ्या-तिसऱ्यापासून पूर्ण मोठेपणा.

पायरी ५: किक, आणि तिचा विसरलेला अर्धा भाग

इथे सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा.

डॉल्फिन किक पायांनी मारायची असते असं पाहणाऱ्याला वाटतं. पाण्याखालून पाहिलं तर हालचाल छातीच्या खालच्या भागातून निघते, कंबरेतून मांड्यांत उतरते, गुडघ्यातून पोटरीत आणि शेवटी पावलांतून चाबकाच्या टोकासारखी बाहेर पडते. डोकं आणि हात जवळपास स्थिर, पावलांचा पल्ला सर्वांत मोठा. गुडघा खाली येण्याआधी कंबर खाली गेली पाहिजे. हा क्रम उलटला की पोहणारा सायकल चालवल्यासारखे गुडघे पुढे आणतो.

आता विसरलेला भाग. छातीवर असताना पाय खाली मारणं सगळ्यांना जमतं, कारण मांडीच्या पुढचे स्नायू रोजच्या चालण्या-धावण्यात तयार झालेले असतात. पाय परत वर आणताना मात्र मुलं विश्रांती घेतात. गुडघे वाकवून टाचा वर ओढतात आणि पुन्हा खाली मारतात. मग दर किकला वेग वाढतो आणि लगेच पडतो. बाजूच्या चित्रणात ते सरळ दिसतं: डोकं प्रत्येक किकला धक्का खात पुढे जातं.

वरच्या किकमध्ये पाय गुडघ्यात जवळपास सरळ ठेवून, नितंब आणि मांडीच्या मागच्या स्नायूंनी वर उचलायचे. तळपायांनी पाणी वर आणि मागे ढकलल्याची जाणीव झाली पाहिजे. हे शिकण्यासाठी तीन सराव पुरेसे आहेत.

पहिला उभी किक. खोल पाण्यात उभे राहा, हात छातीवर घडी घालून, फक्त डॉल्फिन किकने डोकं वर ठेवा. १५ सेकंद जोरात, ३० सेकंद आराम, असं आठ वेळा. इथे मागची किक कमी पडली तर शरीर जागेवरून सरकू लागतं. एका जागी राहता आलं म्हणजे दोन्ही दिशांचा जोर सारखा झाला. जमलं की हात पाण्याबाहेर काढा, मग डोक्यावर स्ट्रीमलाइनमध्ये. पाणी निदान दोन मीटर खोल हवं आणि जीवरक्षक हजर हवा.

दुसरा पाठीवरची किक. पाण्याखाली पाठीवर डॉल्फिन किक मारताना जोर वरच्या दिशेला लागतो आणि पृष्ठभाग डोळ्यांसमोर असल्यामुळे खोली आपली आपल्याला कळते. बॅकस्ट्रोकवाल्यांनी हे करायचंच, पण फ्रीस्टाइल आणि बटरफ्लायवाल्यांनीही.

तिसरा कुशीवरची किक. उजव्या कुशीवर १२ मीटर, डाव्या कुशीवर १२ मीटर. कुशीवर गेलं की पाय डाव्या-उजव्या दिशेने सारखे जातात की एकाच बाजूला जास्त, हे लगेच उघडं पडतं: किक असमान असेल तर शरीर सरळ न जाता लेनच्या दोरीकडे वळतं.

किकचा पल्ला आणि गती यांचा मेळ प्रत्येकाचा वेगळा. अव्वल जलतरणपटू सेकंदाला दोनपेक्षा जास्त किक मारतात. आपण मुलांना "जोरात, जोरात" म्हणतो तेव्हा ती पल्ला वाढवतात, गुडघे जास्त वाकवतात आणि गती उतरते. त्यापेक्षा "बारीक आणि भराभर" सांगा, नंतर हळूहळू पल्ला वाढवा. सहा किकना किती वेळ लागतो ते चित्रणावरून मोजा आणि पंधरा मीटरच्या वेळेशी ताडून बघा. गती वाढली पण वेळ सुधारला नाही, तर पावलं पाणी पकडत नाहीयेत.

फिन्सबद्दल: छोटे फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) वरच्या किकची जाणीव फार छान करून देतात. पण फिन्स काढल्यावर लगेच अनवाणी तेच अंतर करा. निम्म्यापेक्षा जास्त सराव फिन्सवर झाला तर घोटे आळशी होतात.

घोटे, खांदे आणि पाठ

पावलं मागे जितकी सरळ ताणली जातात तितकी ती पाणी मागे ढकलतात. घोटे ताठ असतील तर पाय आकड्यासारखे लटकतात. यावर आपल्याकडचा वज्रासनाचा उपाय उत्तम आहे. रोज दोन-तीन मिनिटं वज्रासनात बसा. सवय झाली की हात मागे टेकून गुडघे जमिनीपासून किंचित उचला. गुडघ्याला किंवा घोट्याला टोचणारं दुखत असेल तर तिथेच थांबा, आणि पाठीवर कुणाला बसवून ताण द्यायचा नाही. भुजंगासनाने छातीचा भाग मोकळा होतो, जो लाट सुरू करायला लागतो. खांद्यांसाठी भिंतीला पाठ टेकून दोन्ही हात डोक्यावर, पाठ न कमानवता, मनगटं भिंतीला लागतात का ते बघा. लागत नसतील तर स्ट्रीमलाइन कधीच घट्ट बसणार नाही.

ताकदीसाठी बैठका मारा आणि त्या झटक्यात उठून मारा. पुश-ऑफला हीच हालचाल लागते. पोटासाठी पाठीवर पडून हात आणि पाय जमिनीपासून थोडे उचलून धरणं, कंबर जमिनीला चिकटलेली. पोट ढिलं असेल तर किकची लाट मधेच मरते.

पायरी ६: तुमचा आकडा शोधा

"पंधरा मीटर जा" हा सल्ला सरसकट सगळ्यांना देणं मला पटत नाही. बारा वर्षांच्या मुलीला पंधरा मीटर जायला लावलं की शेवटचे पाच मीटर ती अक्षरशः रांगते आणि मग धापा टाकत पोहते. प्रत्येकाचा किकचा आकडा वेगळा असतो आणि तो मोजूनच ठरतो.

तिसरी चाचणी पुन्हा करा: पाच मीटर अलीकडून टर्न मारून पंधरा मीटरपर्यंत. पहिल्यांदा दोन किक, मग चार, सहा, आठ. प्रत्येक प्रकार तीनदा, मध्ये पूर्ण आराम. तिन्हींची सरासरी लिहा. बहुतेकांच्या वहीत वेळ आधी कमी होत जातो आणि एका आकड्यानंतर पुन्हा वाढतो. जिथे सर्वांत कमी, तो तुमचा आकडा.

मग तोच प्रयोग दमलेल्या अंगाने करा, समजा १०० मीटर वेगात पोहून लगेच. इथे आकडा एक-दोनने उतरेल. हा दुसरा आकडा शर्यतीच्या शेवटच्या टर्नचा. शंभर मीटरसाठी पहिल्याच्या जवळ राहा, दोनशेसाठी दोघांच्या मध्ये. शर्यतीत किती किक मारायच्या हे आधी ठरलेलं हवं. भिंतीवर आल्यावर ठरवायला गेलात तर उत्तर नेहमी "कमी" येतं.

पायरी ७: वर येणं

चांगल्या किकचा वेग बऱ्याचदा वर येताना सांडतो. शेवटच्या दोन किक किंचित वरच्या दिशेला मारा, म्हणजे शरीर सपाट राहून हळूहळू पृष्ठभागाजवळ येतं. सरळ उभं वर निघालात तर छाती पाण्याला ब्रेक लावते. पहिला हात डोकं पाण्याखाली असतानाच ओढायला सुरुवात करा, आणि हात पूर्ण होताना डोकं बाहेर यावं. फ्रीस्टाइलमध्ये शेवटच्या डॉल्फिन किकनंतर लगेच साध्या किकवर जा, मध्ये रिकामी जागा नको. पहिल्या हाताला श्वास घेऊ नका. बटरफ्लायमध्ये तर पहिल्या स्ट्रोकला हनुवटी उचलली की सगळी कमाई तिथेच संपते.

बॅकस्ट्रोकमध्ये पाण्याखाली असताना नाकातून सतत बारीक बुडबुडे सोडत राहा, नाहीतर नाकात पाणी जाऊन तुम्ही घाबरून वर याल. आणि सगळ्यांनीच पंधराच्या खुणेला चिकटून वर येण्याऐवजी बारा-साडेबारापर्यंत डोकं बाहेर काढायची सवय ठेवा. पंचांना पंधरा मीटरची रेष दिसते, तुम्हाला नाही.

ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांसाठी एवढंच: तुमची एकमेव डॉल्फिन किक हात ओढायला सुरुवात होते त्या सुमारास बसवा, आणि तिच्याआधी आणि नंतर शरीर घट्ट ठेवा.

श्वासाबद्दल, गांभीर्याने

पाण्याखालच्या सरावात दम रोखण्याच्या पैजा लावू नका. पुश-ऑफच्या आधी भराभर मोठे श्वास घेऊन "फुफ्फुसं भरण्याची" पद्धत धोक्याची आहे. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. भराभर श्वासाने तो उतरतो, मग श्वासाची हाक उशिरा येते आणि प्राणवायू कमी होऊन माणूस कुठलीही पूर्वसूचना न मिळता पाण्यातच बेशुद्ध पडतो. चांगले पोहणारेच यात सापडतात. म्हणून पाण्याखालचा सराव एकट्याने कधीच नाही, काठावर लक्ष ठेवणारा मोठा माणूस हवा, आणि प्रत्येक फेरीनंतर श्वास पूर्ण सावरू द्या. छोटे छोटे बारा-पंधरा मीटरचे तुकडे वेगात केल्याने जे मिळतं ते पन्नास मीटर पाण्याखाली जाण्याने मिळत नाही.

आठवड्याची बांधणी

आठवड्यातून तीन दिवस, वॉर्मअप झाल्यावर अंग ताजं असतानाच वीस मिनिटं. दमल्यावर नवी हालचाल शिकता येत नाही.

सोमवारी तंत्र: आठ पुश-ऑफ किकशिवाय, मग उभी किक आठ वेळा, मग पाठीवर, छातीवर आणि दोन्ही कुशींवर बारा-बारा मीटर, प्रत्येकी चार. बुधवारी वेग: दहा वेळा १५ मीटर पूर्ण जोरात, दर फेरीला दीड मिनिट, त्यातल्या चार फिन्सवर, बाकी अनवाणी; प्रत्येक फेरीचा वेळ घ्या. शुक्रवारी शर्यतीसारखं: सहा वेळा ५० मीटर, मधल्या टर्नला ठरलेल्या किक, आणि सेटच्या शेवटी दमलेल्या अंगाने आणखी चार टर्न.

पण या तीन दिवसांपेक्षा मोठी गोष्ट बाकीच्या सगळ्या सरावात आहे. बॅच कितीही गर्दीची असो, रोजच्या सरावातल्या प्रत्येक भिंतीवरून किमान तीन डॉल्फिन किक मारायच्या. दोन आठवड्यांनी चार, पुढे तुमच्या आकड्यापर्यंत. २५ मीटरच्या तलावात दोन हजार मीटर पोहणारा जवळपास ऐंशी वेळा भिंत सोडतो. प्रत्येक वेळी दोन किकमध्ये वर आला तर त्याने रोज ऐंशी वेळा चुकीचाच सराव केला. लेनमध्ये गर्दी असेल तर पाच सेकंदांचं अंतर ठेवा आणि निदान एका बाजूची भिंत या कामासाठी राखून ठेवा.

आपल्या बऱ्याच शहरांत सराव २५ मीटरच्या तलावात होतो आणि राज्य स्पर्धा बालेवाडीसारख्या ५० मीटरच्या तलावात. तिथे १०० मीटरला एकच टर्न मिळतो आणि तो पन्नास मीटर सलग पोहून आल्यावर, म्हणजे पाय आधीच जड असताना. म्हणून स्पर्धेच्या आधीच्या महिन्यात २५ मीटरच्या तलावातही कधी कधी एक टर्न सोडून पुढच्या टर्नला पूर्ण किकची सवय करा. ५० मीटरच्या तलावात ५० मीटरच्या शर्यतीला टर्नच नसतो. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य जिंकलं त्या शर्यतीतही नव्हता. पण स्टार्टनंतरचं पाण्याखालचं काम तसंच्या तसं असतं, त्यामुळे स्प्रिंटर्सनी हे आपल्यासाठी नाही असं समजू नये.

सहा आठवड्यांनी तिन्ही चाचण्या पुन्हा घ्या. सरकण्याचं अंतर वाढलं पण पंधरा मीटरचा वेळ तसाच राहिला तर दोष किकमध्ये आहे. पायरी ५ कडे परत जा. पंधराचा वेळ सुधारला पण टर्नसकटचा नाही, तर वर येण्यात किंवा भिंतीवर पाय ठेवण्यात गडबड आहे. किकचा आकडाही नव्याने काढा, तो बहुतेक एक-दोनने वाढलेला असेल.

स्पर्धेच्या दिवशी इलेक्ट्रॉनिक टचपॅड (वेळ नोंदवणारा, भिंतीवर बसवलेला पॅड) लावलेला असेल तर वॉर्मअपमध्ये निदान सहा टर्न पॅड असलेल्या भिंतीवरच मारा. पॅडचा पृष्ठभाग तुमच्या तलावाच्या टाइल्ससारखा नसतो, त्याने भिंत किंचित पुढे येते आणि पाय कुठे टेकायचे याचा अंदाज चुकू शकतो. पाय घसरला तर एक फूट वर-खाली टेकवून बघा, नीट बसली ती उंची लक्षात ठेवा, आणि मगच वॉर्मअप संपवा.